माशाला माशी: माझ्या पार्ट्रिज अँड ऑरेंजचं साळिंदर का होतंय?

भटका_लीड्सकर

मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे कोल्हापुरी साज ते कबुतरांचे आजार सगळ्याचे जाणकार सापडतात, म्हणून विचारतो.

लीड्सला येऊन सहा वर्षं झाली. शेजारी एक निवृत्त आजोबा आहेत, वय ८० च्या पुढे. गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडचा बर्फ दोनतीनदा फावड्याने काढून दिला, तर बदल्यात त्यांनी मला तंबाखूची एक जुनी पत्र्याची डबी दिली. आत त्यांच्या वडिलांनी बांधलेल्या, ट्राउट मासा धरायच्या नकली माश्या. म्हणजे मासे नव्हेत, माश्या. गळावर रेशीम गुंडाळून पुढे पिसाचे चारदोन तंतू बांधलेले. इथे यॉर्कशरमध्ये त्यांना 'स्पायडर' म्हणतात. कोळ्याशी काही संबंध नाही, नुसत्या पायच पाय दिसतात म्हणून. व्हार्फ, निड, यूर, स्वेल या इथल्या नद्यांवर शेदोनशे वर्षं हेच चालत आलंय.

मला त्यातली सगळ्यात साधी माशी बांधायची आहे: पार्ट्रिज अँड ऑरेंज. साहित्य मोजून दोन. नारिंगी रेशीम आणि तित्तिराचं तपकिरी ठिपक्यांचं पीस. १४ नंबरचा गळ घेतला, यूट्यूबवर पाहून पंधरा माश्या बांधल्या. आजोबांनी एक हातात घेऊन उलटीपालटी केली आणि विचारलं, "हे साळिंदर कुठे मारलंस?"

तीन तक्रारी: (१) पिसाचा झुपका फार दाट होतो. (२) डोकं भलं मोठं होतं, गळाचं नेढंच बुजतं. (३) पीस गुंडाळताना मध्येच तुटतं. शिवाय एक मूलभूत शंका. डबीतल्या माश्यांना जेमतेम आठदहा तंतू आहेत. इतक्या टकल्या माशीला मासा फसतो कसा?

---

चहाटळ

माशी शिंकली म्हणायची की!

---

गरीवाला

मालवणात आम्ही गरीला कोळंबी लावतो नि मासा खातो. मासा पण खातो, आम्ही पण खातो. तुमच्यात मासा पीस खातो आणि तुम्ही काय खाता?

हलके घ्या. पण खरंच विचारतोय, पकडलेला मासा घरी नेता का?

---

भटका_लीड्सकर

@गरीवाला, ज्या क्लबच्या पाण्यावर जातो तिथे ब्राउन ट्राउट सोडून द्यावा लागतो. अजून सोडण्याइतका पकडलेला नाही ही गोष्ट वेगळी.

---

गरीवाला

आजीला वाचून दाखवलं. ती म्हणते, "त्याका सांग, घराक येऊन जा. डोक्यार परिणाम झालोहा."

---

ट्वीडकाठी

बऱ्याच वर्षांनी इथे लिहितेय. मी स्कॉटलंडमध्ये ट्वीड नदीच्या काठी ३१ वर्षं राहते. नवऱ्याला नाद होता, त्याचा नाद मला लागला, नंतर त्याचा सुटला आणि माझा राहिला.

तुमच्या मोठ्या डोक्याच्या तक्रारीचं मूळ हे आहे: तुम्ही पीस शेवटी बांधताय. यूट्यूबवर बहुतेक जण आधी रेशमाचं अंग करतात, मग पुढे पीस लावतात, गुंडाळतात, वर दोऱ्याचे वेढ्यांवर वेढे देतात. डोकं फुगणार नाही तर काय होईल? जुनी रीत उलटी आहे.

नेढ्याच्या मागे दोरा सुरू करा. चारपाच वेढे दिले की लगेच पीस बांधा, देठाच्या बाजूने, टोक नेढ्याच्या पुढे बाहेर राहील असं. आता ते तिथेच लोंबू दे. रेशीम मागे न्या, पण फार मागे नाही. गळाच्या टोकाच्या बरोबर वर आलात की थांबा. वाकापर्यंत गेलं की माशी गलेलठ्ठ दिसते. तिथून परत पुढे या, पिसाच्या थोडं अलीकडे थांबा. मग पिसाचे दोन वेढे मागच्या दिशेने, दोऱ्याकडे. दोनच. पिसाचं टोक दोऱ्याने पकडा आणि दोरा तंतूंच्या मधून डावीउजवीकडे हलवत पुढे नेढ्यापाशी आणा. यात दोरा पिसाच्या कण्यावरून आडवा जातो आणि त्याला जखडतो, म्हणजे पहिल्याच माशाच्या दाताने पीस सुटत नाही. व्हिप फिनिशची गाठ तीन वेढ्यांची. झालं. डोकं मोहरीएवढंही होत नाही.

दाटपणासाठी: गुंडाळण्याआधी पिसाच्या एका बाजूचे तंतू ओरबाडून काढा. मग दोन वेढ्यांतही दहाबाराच तंतू येतात. आणि बुडाशी जो कापूस असतो तो सगळा काढलात ना? त्या कापसानेच साळिंदर होतं.

---

भटका_लीड्सकर

ताई, दंडवत. कापूस काढला नव्हता. मला वाटलं तोच 'मऊ' भाग.

---

चहाटळ

मी तर उशीच बांधली असती.

---

हिमाचली_पुणेकर

मी दरवर्षी मे महिन्यात तीर्थन खोऱ्यात जातो. परवाना काढून ट्राउट धरतो, तेव्हा थोडं मीही बोलतो.

ताईंची पद्धत बरोबर असेल, पण रेशीमच हवं, तित्तिरच हवं, जुनी रीतच हवी हे मला सोवळं वाटतं. मी साधा पॉलिएस्टर दोरा आणि देशी कोंबडीचं पीस वापरतो. तीर्थनच्या ट्राउटने अजून तक्रार केलेली नाही. माशाला कुठे ठाऊक असतं यॉर्कशर काय नि भोर काय.

---

ट्वीडकाठी

@हिमाचली_पुणेकर, कोंबडीचं पीस म्हणालात ते अगदी बरोबर, कोंबड्याचं नव्हे. कोंबड्याच्या मानेचं पीस ताठ असतं. ते तरंगणाऱ्या, सुक्या माशीला. कोंबडीचं, तित्तिराचं, पाणलाव्याचं पीस पाण्यात गेलं की लवतं. प्रवाह दाबतो तेव्हा तंतू मागे अंगाला चिकटतात, प्रवाह सैल झाला की उघडतात. धापा टाकतेय असं वाटतं. कोषातून बाहेर पडून पाण्याच्या वरच्या थराशी धडपडणारा किडा अगदी तसाच दिसतो. मूळ शंकेचं उत्तर यातच आहे: तंतू जास्त झाले की एकमेकांना धरून ठेवतात आणि हलत नाहीत.

रेशमाबाबत मात्र तुमचं पटत नाही. एक प्रयोग करा. नारिंगी पॉलिएस्टर आणि नारिंगी रेशीम, दोन गळांवर गुंडाळा आणि पेल्यातल्या पाण्यात टाका. पॉलिएस्टर नारिंगीच राहील. रेशीम भिजलं की आतून काळवंडतं, गळाची छाया वर येते आणि शिसवीसारखा तपकिरी रंग होतो. कोरडी असताना भडक दिसणारी ही माशी माशाला दिसते ती तपकिरी.

---

नुसताच_वाचक

वा! कोरड्याचा रंग वेगळा, ओल्याचा वेगळा. सुके बोंबील आणि ओले बोंबील.

---

गरीवाला

बोंबलाला मध्ये आणू नका, तो आमचा देव आहे.

---

येवलेकर

धाग्याचं नाव वाचून आलो नव्हतो, पण "रेशीम" दिसलं म्हणून थांबलो. आमच्याकडे तीन पिढ्या पैठणी.

ताई म्हणतात त्याचं कारण सांगतो. कोषातून आलेल्या रेशमावर नैसर्गिक डिंक असतो, त्याला सेरिसिन म्हणतात. तो उकळून काढला की उरतो तो धागा आरपार प्रकाश सोडणारा, म्हणून पाण्यात त्याच्या आतलं दिसतं. पॉलिएस्टरचं तसं नाही. पैठणी उन्हात आणि दिव्याखाली वेगळी दिसते तेही काही अंशी यामुळेच. बाकी श्रेय ताणा एका रंगाचा नि बाणा दुसऱ्या रंगाचा असण्याला.

लीड्सकर, तुमचा दोरा तुटतो का फक्त पीसच? दोऱ्याला पीळ किती आहे?

---

भटका_लीड्सकर

दोरा नाही तुटत, पीसच. दोऱ्याचं रीळ आजोबांचं आहे, पिअरसॉल्स गॉसमर. आता बनत नाही म्हणे, त्यामुळे लोक जुनी रिळं शोधत फिरतात. मला हात लावतानासुद्धा अपराधी वाटतं. सरावासाठी दुसरं काही सुचवाल?

---

येवलेकर

आमचं बाण्याचं रेशीम जवळजवळ बिनपिळाचं असतं. ते गुंडाळताना चपटं बसेल, पण बोटाला जरा भेग असली तर तंतू उचकटतील. रीळ लोंबतं सोडून भोवऱ्यासारखं फिरवलंत तर हवा तेवढा पीळ घालता येईल. पुढच्या आठवड्यात भाचा मँचेस्टरला चाललाय, नारिंगी आणि जांभळ्या रंगाची एकेक कांडी त्याच्याकडे देतो. पैसे नकोत, मासा पकडलात तर फोटो टाका.

---

भोरडी

धागा मजेशीर आहे, पण मी पक्षीवाली, त्यामुळे कुठेतरी खुपतंय. तित्तिर, पाणलावा, पाणकोंबडी... ही पिसं येतात कुठून? भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली जंगली पक्षी मारून त्यांची पिसं वापरणं हा सरळ गुन्हा आहे. मोराचं आपोआप गळलेलं पीस देशात बाळगायला चालतं, तेही परदेशी न्यायला बंदी. कोणी इथे वाचून तित्तिराच्या मागे लागू नये म्हणून लिहितेय.

---

ट्वीडकाठी

@भोरडी, लिहिलंत ते बरं केलंत. ब्रिटनमध्ये करडा तित्तिर, पाणलावा, पाणकोंबडी हे तिघेही कायद्याने शिकारीचे पक्षी आहेत, ठरलेल्या महिन्यांतच. इंग्लंडात तित्तिराचा हंगाम १ सप्टेंबर ते १ फेब्रुवारी. लोक तो खातात आणि कातडं पिसांसकट माशी बांधणाऱ्यांकडे येतं. एक कातडं मला आठनऊ वर्षं पुरतं. तरी तुमचं खुपणं मला कळतं. इथेही करडा तित्तिर पूर्वीच्या मानाने फारच कमी झालाय. मी आता पाणलाव्याऐवजी स्टार्लिंगचं पीस वापरते, तेही मांजरांनी मारलेल्या पक्ष्यांचं. शेजारणीचं मांजर माझं पुरवठादार आहे.

---

भोरडी

स्टार्लिंग म्हणजे माझीच भावकी. भोरड्या हिवाळ्यात आपल्याकडे ज्वारीवर उतरतात त्या त्याच कुळातल्या. मांजराचा निषेध, तुमचे आभार.

---

ट्वीडकाठी

मग तुमच्या भावकीची एक गोष्ट सांगते. आमच्या ट्वीडवर डब्ल्यू. सी. स्टुअर्ट नावाचा एक गृहस्थ मासे धरायचा. १८५७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. तेव्हा बहुतेक जण प्रवाहाच्या दिशेने खाली माशी सोडत. तो म्हणाला, मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तर त्याच्या मागून या, आखूड दोरी प्रवाहाविरुद्ध फेका. त्याची ब्लॅक स्पायडर म्हणजे तपकिरी रेशीम आणि स्टार्लिंगचं काळं चकचकीत पीस, एवढंच. स्टार्लिंगचं पीस फार नाजूक, म्हणून तो पिसाला रेशमाचा पीळ देऊन दोन्ही एकत्र गुंडाळायचा. लीड्सकर, तुमचं पीस तुटतंय त्यावर हा जुना उपाय आहे. तित्तिराला सहसा लागत नाही, पण हात बसेपर्यंत करून पाहा. आणि पीस पकडायचा चिमटा फार आवळू नका. तुटतं ते तिथेच.

तुमच्या यॉर्कशरचा पूर्वज मात्र टी. ई. प्रिट. त्याने १८८५ मध्ये तिकडच्या माश्यांची रंगीत चित्रं छापली. त्यातल्या नावांत 'ब्लोआ' हा शब्द फार येतो. वॉटरहेन ब्लोआ म्हणजे पिवळं रेशीम, त्यावर चिचुंद्रीसारख्या जमिनीखाली राहणाऱ्या मोलच्या करड्या लोकरीचा नुसता धूर, आणि पाणकोंबडीच्या पंखाखालचं पीस. ब्लोआ म्हणजे पावसाळी आभाळाचा निळसर करडा रंग. तुम्ही लीड्सला राहता, तो रंग कसा ते मी काय सांगायचं.

---

भटका_लीड्सकर

वर्षातले दहा महिने बघतो ताई.

---

उगाचच

माझा सरळ प्रश्न. दुकानात ही माशी तयार मिळत नाही का? आणि मासा सोडूनच द्यायचा तर त्याला पकडायचा कशाला? तोंडाला गळ लावून "जा बाळा" म्हणणं ही कसली करुणा? मी शाकाहारी आहे, पण गरीवाल्यांच्या आजीचं मला जास्त पटतं.

---

हिमाचली_पुणेकर

@उगाचच, क्रिकेटमध्ये चेंडू परत बोलरला देतात तो कशाला मग?

---

उगाचच

चेंडूला दुखत नाही.

---

ट्वीडकाठी

उगाचच यांचा प्रश्न उगाचच नाही. माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. काटा दाबलेला गळ वापरते, हात ओले करते, मासा पाण्याबाहेर काढत नाही. तरी त्याला आवडतं असं काही मी म्हणणार नाही. वर्षाला दोनचार खातेही, जिथे परवानगी आहे तिथे. लोण्यात, कढीपत्ता घालून. इथल्या लोकांना ते पाप वाटतं.

---

गरीवाला

कढीपत्ता!! आजी म्हणते ही बाई शहाणी.

---

तोक्योकर

जपानमधून हजेरी. इथे डोंगरातल्या ओढ्यांवर तेनकारा चालतो: लांब काठी, टोकाला दोरी, रीळ नाहीच. माशीला केबारी म्हणतात. त्यातली एक 'साकासा' म्हणजे उलटी. तिचे तंतू मागे न झुकता नेढ्याकडे पुढे झुकतात. ओढलं की मिटतात, सोडलं की पुन्हा उघडतात. ताईंनी सांगितलेली धाप इथे हाताने आणतात. पीस बहुधा जपानी फेझंटचं. दोन बेटं, एकमेकांपासून इतकी लांब, आणि दोघांनीही मऊ पिसाचे मोजके तंतूच ठरवले, याची मला गंमत वाटते.

---

नुसताच_वाचक

अवांतर: महाराष्ट्रात ट्राउट का नाही? महाबळेश्वर थंड नाही का?

---

हिमाचली_पुणेकर

माणसाला थंड, ट्राउटला नाही. पाणी विशीच्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो. भारतातला ट्राउट मुळात इथला नव्हेच. ब्राउन ट्राउटची अंडी १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून काश्मीरला आणली, तिथून तो पसरला. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या उंचीवर इंद्रधनुषी ट्राउट आहे. म्हणजे तीर्थनमधले माझे मासे ताईंच्या गावचे पाहुणेच.

आपल्याकडे महसीर आहे, लोणावळ्याजवळ वळवणला त्याचं बीज तयार करतात. पण तो या १४ नंबरच्या गळाला बघून हसेल.

---

पिंपळपान

महसीर म्हणाल तर महाडजवळ वाळणकोंडाला जा. देवीचा डोह. काठावर उभं राहून चुरमुरे टाकले की हाताएवढे मासे वर येतात. तिथे कोणी गरी टाकत नाही. माश्या बांधायच्या नाहीत, सोडायचे नाहीत, काही नाही. नुसतं बघायचं. लहानपणी तिथे माझी चप्पल डोहात पडली होती, मासे तिलाही धक्के देऊन बघत होते.

---

चहाटळ

चप्पल अँड ऑरेंज.

---

भटका_लीड्सकर

येवलेकर, कांड्या पोचल्या! भाच्याने मँचेस्टरहून पोस्टाने पाठवल्या. नारिंगी कांडीचं रेशीम उजेडात धरलं तर हात आवळावासा वाटेना.

अपडेट. ताईंच्या रीतीने तीस बांधल्या. पहिल्या दहांत दोनाऐवजी तीन वेढे होत होते. हात ऐकतच नाही. डोक्याला कळतं दोन, पण पीस उरलेलं दिसलं की बोटं म्हणतात अजून एक मारून टाक, कशाला वाया घालवायचं. आपली मध्यमवर्गीय बोटं. शेवटी उरलेलं पीस आधीच कात्रीने कापून ठेवायला लागलो, तेव्हा कुठे जमलं. पेल्यातला प्रयोगही केला. पॉलिएस्टर दिवाळीच्या तोरणासारखं, रेशीम गुळाच्या पाकासारखं.

आजोबांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, नखाने तंतू मागे सारले, सोडले, आणि काही न बोलता आणखी तीन तंतू उपटून परत दिली.

---

ट्वीडकाठी

ते प्रशस्तिपत्रक आहे. जपून ठेवा.

मेणाचं विचारायचं राहिलं. कुठलं लावता? पिवळ्या रेशमाला चांभाराचं काळसर मेण लावलंत तर ते हिरवट ऑलिव्ह होतं, वॉटरहेन ब्लोआला तसंच हवं. नारिंगीला मात्र फिकं मेण, नाहीतर सगळं मळेल.

---

भटका_लीड्सकर

नारिंगीला मधमाशीचंच मेण लावलंय. आता २५ मार्चला इथे हंगाम उघडतो, परवाना काढून ठेवलाय. बघू.

---

उगाचच

माशाला शुभेच्छा.

---

भटका_लीड्सकर

धागा वर काढतो. एप्रिल उजाडला.

काल बर्न्सॉलच्या खाली व्हार्फवर होतो. पाणी चहाच्या रंगाचं, पीटमधून, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या काळ्या मातीतून येतं म्हणून. दुपारी साडेबारापर्यंत काहीच नाही. मग ऑलिव्ह किडे निघायला लागले, छोटी शिडं लावल्यासारखे पाण्यावरून वाहत यायचे, आणि मासे वर दिसायला लागले. नीट पाहिलं तर ते शिडांना सोडून देत होते. पाण्याच्या कातडीखाली काहीतरी वेचत होते. स्टुअर्टचं ऐकून वरच्या दिशेने आखूड दोरी टाकली. तिसऱ्याचौथ्या फेकीला दोरी वाहता वाहता थबकली. ओढ वगैरे काही जाणवलंच नाही, नुसती थबकली. काठी उचलली, तर जड!

नऊ इंची ब्राउन ट्राउट. अंगावर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकं कडं. हात ओले केले, सोडला. येवलेकर, फोटो नाही, माफ करा. एका हातात काठी, दुसऱ्यात मासा, आणि फोन तर उरल्यासुरल्या तंतूंबरोबर घरीच राहिला होता.

माशी कुठली म्हणाल तर आजोबांनी तीन तंतू उपटलेली तीच. त्या माशाच्या दाताने आणखी दोन गेले. मग त्या पाचसहा तंतूंवर अजून दोन मासे आले, पहिल्यापेक्षा मोठे. तिसऱ्यानंतर मागे फेकताना ती अल्डरच्या फांदीत अडकली, हाताच्या टप्प्याबाहेर. तिथेच आहे.

---

येवलेकर

फोटो नसला तरी चालेल. पैठणी झाडावर टांगून आलात, हे मी बायकोला कसं सांगू?

---

ट्वीडकाठी

अल्डर खालच्या काठाचं का पुलाजवळचं? पुलाजवळचं असेल तर माझ्याही दोन आहेत तिथे, १९९८ पासून.

---

गरीवाला

आजी विचारतेय, तीन ट्राउट धरले आणि जेवलास काय?

---

भटका_लीड्सकर

चीज सँडविच. आजींना सांगू नका.